कारणाचा रकाना

आर्णीच्या तहसील कचेरीसमोर एका कडुलिंबाखाली प्रभावतीचं टेबल होतं. टेबलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा, कार्बन, दोन पेनं आणि वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला गिट्टीचा धोंडा. लोकांचे अर्ज लिहून देणं हा तिचा धंदा.

त्या दिवशीही रोजच्यासारखंच चाललं होतं. सुखीबाई नावाची म्हातारी कचेरीतून हात हलवत परत आली.

"साहेब म्हणते, अर्ज ठेवून जाय."

"ठेवून जायाले थो काय देव हाय, मावशी? फूल ठेवलं आन निंगालं?" प्रभावती म्हणाली. "दुसऱ्या परतीवर शिक्का मार म्हणा, तारीख टाक म्हणा. पोच घेतल्याबिगर पायरी उतरू नको."

म्हातारी पुन्हा पायऱ्या चढली आणि पोच घेऊनच उतरली. प्रभावतीनं लिहिलेल्या अर्जाला कचेरीतले बाबू थोडे वचकून असत, हे तालुक्याला ठाऊक होतं.

ते दोन हजार सातचं साल. कापसानं जिल्ह्याला रडकुंडीला आणलं होतं, शेतात रोज मिळेना, म्हणून माणसं खदानीवर गिट्टी फोडायला जात होती. आर्णीपासून सहा किलोमीटरवर खैरटेक हे प्रभावतीचं गाव. तिथल्या बौद्ध वस्तीच्या उशाशी अशीच एक खदान सुरू झाली होती. सुरुंग उडाला की फळीवरची भांडी खाली येत. विहाराच्या भिंतीला तर हात जाईल एवढी चीर पडली होती. प्रभावतीनं माहितीचा अर्ज टाकून खदानीच्या परवान्याचा नकाशा मिळवला, तेव्हा त्यात वस्तीच नव्हती. चाळीस घरांच्या जागी एकच शब्द लिहिलेला होता: पडीत.

तो नकाशा तिनं यवतमाळच्या खनिज माहिती न्यासाकडे पोस्टानं पाठवला. खाणी, खदानी, रेतीघाट यांचे सरकारी कागद लोकांपुढे मांडणारी ही संस्था. 'जमिनीखालचं सारं उजेडात' हे तिचं ब्रीद. अध्यक्ष सदाशिवराव पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. माणूस अभ्यासू, हे वैऱ्यानंही कबूल करावं. त्यांची 'कागद कसा वाचावा' ही पुस्तिका प्रभावतीला तोंडपाठ होती. तिची सुरुवातच अशी: 'आधी कारणाचा रकाना पाहा. निर्णय लिहिलेला आणि कारण कोरं असेल, तर पाणी तिथंच मुरतं आहे असं समजा.' गेली दोन वर्षं न्यासाच्या अहवालांत छापले गेलेले निम्मे कागद प्रभावतीनं धाडलेले होते. अहवालात तिचं नाव 'एक जागरूक नागरिक' असं येई.

म्हणून त्या दिवशी दुपारी न्यासाचे सचिव घनश्याम स्वतः गाडी घेऊन कडुलिंबाखाली आले, तेव्हा तिला नवल वाटलं आणि आनंदही झाला.

"आमचे एक विश्वस्त वारले," घनश्याम म्हणाले. "देणगीदार म्हणतात, आता खाणीजवळच्या गावातलं माणूस घ्या. तुमच्याइतके कागद जिल्ह्यात कोणी पालथे घातलेत? तुम्ही अर्ज करा."

"अर्ज तर मी रोजच करते," प्रभावती हसली. "याच्यानं व्हईल काय?"

"जिल्ह्याच्या खाण समितीत आमच्या एका विश्वस्ताला जागा असते. एप्रिलमध्ये तुमच्या खदानीची मुदत वाढवायची की नाही, ते तिथंच ठरणार आहे. त्या खुर्चीवर तुम्ही बसाल."

प्रभावतीच्या डोळ्यांपुढे विहाराची भिंत उभी राहिली. तिनं तिथंच कागद ओढला.

नवरा उकंडा शेजारीच पंक्चरचं दुकान चालवायचा. संध्याकाळी हात पुसत तो म्हणाला, "थे मोठे लोक. तुले कायले बोलावून राह्यले?"

"कागदासाठी."

"कागद तर तू पोस्टानं धाडतच व्हती. थ्याले घरी बोलवा नाही लागत."

ही गोष्ट उकंडाच्या ध्यानात आली, तिच्या आली नाही. आनंदात असलेलं माणूस बारीक अक्षर वाचत नाही.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी सदाशिवरावांच्या यवतमाळच्या बंगल्यात मुलाखत झाली. समोर चार विश्वस्त: स्वतः सदाशिवराव, घनश्याम, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या विमलताई आणि पांढरकवड्याचे ट्रकवाले फुलचंदजी, जे फक्त मान हलवत. आतून वांग्याच्या भाजीचा वास येत होता.

"पूर्ण नाव?" सदाशिवरावांनी विचारलं.

"अर्जावर हाय, सर."

"तुमच्या तोंडून ऐकू द्या."

"प्रभावती उकंडा खोब्रागडे."

सदाशिवरावांनी चष्मा काढून पुसला. "गावात घर कोणत्या बाजूला?"

"खदानीच्या."

"म्हणजे?"

"म्हणजे नकाशात पडीत लिहिलं हाय, थ्या बाजूले."

मग त्यांनी इंग्रजी येतं का विचारलं, शिक्षण विचारलं, आणि शेवटी एक परवाना पुढे टाकून म्हणाले, "यात काय चूक आहे, सांगा." तिनं दोन मिनिटांत तीन चुका दाखवल्या. त्यांतली एक खुद्द सदाशिवरावांनाही माहीत नव्हती, आणि हे त्यांना आवडलं नाही. पण दुसरा कोणी उमेदवार परवान्याचं पहिलं पानही वाचू शकला नव्हता, आणि देणगीदारांचं पत्र टेबलावर होतं.

"चला, झालं," विमलताई मायेनं म्हणाल्या. "आमची रीत सांगते हं. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी बैठक, आळीपाळीनं एकेकाच्या घरी. मग तिथंच सगळ्यांचं जेवण. आठ वर्षांत कधी खंड नाही."

"मंग मार्चची बारी माझी घ्या!" प्रभावतीच्या तोंडून आनंदानं निघून गेलं. "खैरटेकले या. पातोडीचा रस्सा, आंबाडीची भाजी आन चुलीवरची भाकर. सुरुंगबी ऐकाले भेटन."

फुलचंदजींची मानसुद्धा हलली नाही.

"तुमची बस चुकेल, बाई," सदाशिवराव म्हणाले. तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि तिची बस चारची होती. ती उठली. बंगल्याच्या फाटकापाशी येईपर्यंत आत ताटं मांडल्याचा आवाज तिला ऐकू आला. लोकांना घाई असेल, असं तिनं मनाला समजावलं.

फेब्रुवारीची बैठक विमलताईंच्या घरी होती. आदल्या दिवशी निरोप आला की जागा बदलली आहे, शहराबाहेर लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत या. बसस्टँडवरून ऑटो करून प्रभावती तिथं पोचली. एका गोदामामागची खोली, पत्र्याचं टेबल, पाच खुर्च्या आणि बिस्किटांचा एक पुडा.

घनश्यामनी ठराव बही पुढे सरकवली. "इथं सही करा. झाल्या तुम्ही विश्वस्त."

पण वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही तिची जन्माची खोड. ठराव एक: प्रभावती खोब्रागडे यांची नेमणूक. कारण: खाणविषयक कागदपत्रांचा अनुभव. ठराव दोन: सभा आळीपाळीने घरी घेण्याची व एकत्र भोजनाची पद्धत बंद करून यापुढे सभा लोहारा येथे घ्यावी. कारण:

पुढे काहीच नव्हतं.

तिनं मागची पानं चाळली. आठ वर्षांचे ठराव, प्रत्येकाचं कारण लिहिलेलं. एके ठिकाणी तर 'नवी सतरंजी घ्यावी. कारण: जुनी उंदरांनी कुरतडली' असंही होतं. सतरंजीला कारण होतं.

"दोन नंबरचं कारण लिहाचं राह्यलं," ती म्हणाली.

"ती अंतर्गत बाब आहे," सदाशिवराव म्हणाले.

"खाण कचेरीतला साहेबबी असंच म्हणते, सर. थ्या शब्दावर तुमच्या पुस्तिकेत अख्खं पान हाय."

"सोयीसाठी केलं, ताई," घनश्याम घाईनं म्हणाले.

"कोणाच्या सोयीसाठी? विमलताईचं घर स्टँडजवळ हाय. इथं यायाले मले ऑटो करा लागला. आठ वर्षं गैरसोय नव्हती, आन मी आली थ्याच महिन्यात झाली?"

सदाशिवरावांचा आवाज चढला. "बाई, तुम्हाला खदान बंद करायची आहे की आमच्या घरी जेवायचं आहे? बोट दिलं तर हात धरायला निघालात! आम्ही तुम्हाला खुर्ची देतो आहोत. सही करा, नाहीतर एप्रिलला समितीत मी बसेन."

प्रभावतीच्या हातात पेन होतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला सही करावीशी वाटली. एक सही, आणि नकाशातून पुसलेली चाळीस घरं समितीच्या टेबलावर आली असती. अपमान तर तिच्या आईनंही गिळला होता आणि आजीनंही, त्यात आणखी एकाची काय भर? तिचे डोळे भरून आले, आणि त्याचाच तिला राग आला.

"मले भूक नाही, सर," ती म्हणाली. "आमची घरं नकाशातून काढली, तवा थ्याईनं कारण नाही लिहिलं. तुमी मले बहीत घेतलं आन घरातून काढलं, तुमीबी नाही लिहिलं. विश्वस्त म्हणता आन माह्या भाकरीवर विश्वास नाही? मंग थ्याईच्यात आन तुमच्यात फरक काय? कारण लिहा, मी आत्ता सही करते. काईबी लिहा, पण खरं लिहा."

कोणी पेन उचललं नाही. विमलताई पदराच्या काठाकडे पाहत राहिल्या.

तेव्हा प्रभावतीनं पिशवीतून कागद आणि कार्बन काढला. विषय: ठराव क्रमांक दोनचे कारण मिळण्याबाबत. चार ओळी, खाली सही, तारीख. "पोच द्या," ती घनश्यामना म्हणाली. त्यांनी न्यासाचा शिक्का मारला.

दारातून ती वळली. "मार्चची बारी माझी व्हती. शेवटच्या रविवारी माह्या घरी चार पानं मांडलेली राहतीन."

त्या रविवारी तिनं पहाटेपासून स्वयंपाक केला. उकंडा कुरकुरत होता, "कोणी येत नाही, उगाच चूल पेटवून राह्यली." पण त्यानंच अंगण झाडलं आणि चार पाट धुऊन ठेवले. बाराच्या सुमारास आर्णीहून आलेल्या काळीपिवळी जीपमधून एकट्या विमलताई उतरल्या.

"तुमच्या अर्जाचं उत्तर आणलंय," त्या म्हणाल्या. कागदावर सदाशिवरावांची सही होती आणि दोन शब्द: प्रशासकीय सोय. "मला लाज वाटते, प्रभावतीबाई. मी त्या दिवशी बोलायला हवं होतं. मी हे असलं काही मानत नाही, खरंच. माझ्या शाळेत सगळी मुलं एका रांगेत बसायची."

प्रभावतीनं ताट वाढलं. रस्सा, भाजी, भाकर, कांदा.

विमलताईंनी ताटाकडे पाहिलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "आज माझा उपास आहे."

"कोणता उपास, ताई?"

"असतो माझा... रविवारचा."

"तुमच्या समद्या बैठका रविवारी व्हत्या," प्रभावती हळूच म्हणाली. "आठ वर्षं. मी बही वाचली हाय. समद्या भोजनानंतर संपल्या."

इतक्यात खदानीत सुरुंग उडाला. ताटातला रस्सा हिंदकळला, फळीवरचा तांब्या गडगडत खाली आला. विमलताईंनी दचकून भिंत धरली. प्रभावतीनं तांब्या उचलून जागेवर ठेवला.

"घाबरू नका, रोजचंच हाय. ताई, तुमी वाईट नाही, मले माहीत हाय. एवढे धक्के खात आल्या. पण हे जे आत्ता तुमच्या तोंडून निंगालं ना, हेच कारण हाय. थ्या रकान्यात हेच लिहाचं व्हतं."

विमलताई बराच वेळ रडल्या. मग त्यांनी त्याच पत्राच्या मागं, चाळीस वर्षं फळ्यावर गिरवलेल्या सुरेख अक्षरात लिहिलं: 'कारण: क्रमाप्रमाणे मार्च महिन्यात आम्हांस प्रभावतीबाईंच्या घरी जेवावे लागले असते. त्या बौद्ध आहेत.' खाली सही केली, विश्वस्त असं लिहिलं, तारीख टाकली.

"आता दे ते ताट," त्या म्हणाल्या. "जेवते मी."

प्रभावतीनं ताटावर ताट झाकलं. "आज उपास हाय तुमचा. माह्यासाठी नका मोडू. ज्या दिवशी चौघं मिळून यासान, थ्या दिवशी वाढीन."

खुर्ची अर्थातच गेली. एप्रिलमध्ये समितीत सदाशिवराव बसले. ते कागदावर उत्तम बोलले, पण तांब्या कसा पडतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि खदानीला आणखी एका वर्षाची मुदत मिळाली. विहाराची चीर लांबली. हे लिहिताना मला संताप येतो, पण प्रभावतीनं सही केली असती तर बरं झालं असतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्यांना तसं वाटतं, त्यांनी आपल्या घरी आजवर कोण जेवलं आणि कोणाची बस बारा वाजताच चुकत होती, ते एकदा आठवून पाहावं.

"काय भेटलं तुले एवढं करून?" उकंडानं विचारलं. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, दुःख होतं.

"कारण भेटलं," प्रभावती म्हणाली. "लेखी."

तो कागद आता कडुलिंबाखालच्या टेबलावर, गिट्टीच्या धोंड्याखाली, काच घालून ठेवलेला असतो. अर्ज लिहायला आलेली माणसं तो वाचतात, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती वाचून दाखवते. मुदतवाढीचा हुकूम हाती आला त्याच दिवशी तिनं नवा अर्ज लिहिला. विषय: खैरटेक येथील वस्तीच्या जागी 'पडीत' असे लिहिण्याचे कारण मिळण्याबाबत. खाली चाळीस घरांच्या सह्या आणि अंगठे घेतले. मग कार्बनची प्रत हातात धरून ती कचेरीच्या पायऱ्या चढली, पोच घ्यायला.