मेन कोण पाडणार?

नेटवाला तिसऱ्यांदा शिडीवरून उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कुणीतरी अपमान केल्यासारखा भाव होता.

"वहिनी, यात काही म्हणजे काही दोष नाही. घोड्यासारखं पळतंय."

"सकाळी पळतंच हो ते," वहिनी म्हणाली. "संध्याकाळी साडेपाचला मान टाकतं."

"साडेपाचलाच?"

"घड्याळ लावून घ्या."

नेटवाल्याने छपराकडे पाहिलं. पुढे घर, मधे सासऱ्यांचा बंद पडलेला लेथचा कारखाना आणि अगदी मागे दोन खोल्या, अशी त्यांची जागा. वायफाय घरात. मागच्या खोलीपर्यंत जाताजाता कारखान्याच्या जाड भिंती आणि पत्रे त्याचा जीव घेत. म्हणून त्याने कारखान्याच्या छपराच्या कोपऱ्यावर एक पांढरी डबी बसवली होती. घराकडून आलेलं नेट तिने घ्यायचं आणि मागच्या खोलीला द्यायचं. वीज कारखान्यातलीच, जवळ पडली म्हणून.

"म्हणजे माझ्यासारखीच," वहिनी तेव्हा म्हणाली होती. "इकडचं ऐकायचं, तिकडे सांगायचं, आणि नाही पोचलं तर बोलणी खायची."

आता मात्र तिला विनोद सुचत नव्हते. पाणी तापवायची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या, दुपारी चार ते रात्री आठ, अशी ही नोकरी. बावीस वर्षं घरातल्यांच्या तक्रारी फुकट ऐकल्यावर एकोणपन्नासाव्या वर्षी कुणीतरी तिला त्याच कामासाठी निवडलं होतं. घरात बसून ते जमेना. पलीकडचा माणूस गार पाण्याने चिडलेला, आणि दाराआडून नवरा विचारणार, "अगं, माझे मोजे?" म्हणून ती मागच्या खोलीत गेली. पहिला महिना परीक्षेचा. तीनदा लाइन तुटली की नाव कमी, असं कंपनीतल्या बाईने गोड आवाजात सांगितलं होतं. सोमवारी तुटली. मंगळवारी तुटली. आज बुधवार.

नवऱ्याची शोधमोहीम जोरात होती. सोमवारी त्याचं म्हणणं पडलं की झाडाची फांदी आड येते. त्याने फांदी तोडली आणि दोन दिवस खांदा धरून बसला. मंगळवारी तो म्हणाला, "पाखरं. संध्याकाळी घरी परततात ना सगळी? तारांवर बसतात."

"अहो, याला तारच नाही. वायर नाही म्हणून तर वायरलेस म्हणतात."

"मग हवेत आडवी येत असतील," तो म्हणाला आणि चहा मागितला.

बुधवारी चारला ती कानाला हेडफोन लावून बसली. चौदा तक्रारी झाल्या. एका आजोबांना यंत्राबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं, नुसतं बोलायचं होतं. तिने तेही ऐकलं. पाठ भरून आली होती. पाच पंचविसाला दहा मिनिटांची सुट्टी मिळाली, तशी ती चहाचा कप घेऊन अंगणात आली आणि डबीवरच्या हिरव्या दिव्याकडे बघत उभी राहिली. चोर कोण ते आज डोळ्यांनीच बघायचं होतं.

साडेपाच. कारखान्यात खट्ट असा आवाज झाला. हिरवा दिवा गेला. दार करकरलं आणि हात झटकत मालक बाहेर आले.

मालक म्हणजे तिचे सासरे. कारागीर त्यांना मालक म्हणत, म्हणून घरचेही म्हणत. यंत्रं विकून सहा वर्षं झाली, तरी सकाळ-संध्याकाळ ते कारखान्यात जात. सगळ्यांना वाटायचं, म्हातारा मोकळ्या हवेला जातो.

"मालक, तुम्ही आत काय केलंत?"

"मेन स्विच पाडला. सुट्टी झाली ना."

"रोज पाडता?"

"म्हणजे काय! आठला वर, साडेपाचला खाली. मेन पाडल्याशिवाय कारखाना सोडायचा नाही."

तिच्या हातातला कप थंड झाला. फांदी, पाखरं, तीन वेळा शिडी, आणि इतकी साधी गोष्ट!

"अहो, पण आत एक यंत्र नाही आता."

"यंत्रं विकली. सवय कोण घेणार विकत?"

ते हसत नव्हते. तिला माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी बोलत नसे. एका संध्याकाळी मालक घाईत मेन तसाच ठेवून निघाले होते. मागे राहिलेला कारागीर बंद समजून यंत्र पुसायला गेला आणि त्याची दोन बोटं गेली. त्या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली असतील. मालक अजून कुणाशी हात मिळवताना समोरच्याच्या बोटांकडे बघत.

सुट्टीची चार मिनिटं राहिली होती. डबी जागी व्हायलाच तीन लागत. रडावं, की त्यांना बाजूला सारून आत घुसावं, असं तिला क्षणभर झालं. दोन्हीला अंगात त्राण नव्हतं.

"मालक," ती म्हणाली, "आज सुट्टी नाही झाली. दुसरी पाळी चालू आहे."

म्हातारा थबकला. "कुणाची?"

"माझी. मागच्या खोलीत. माझ्या नेटची वीज इथूनच जाते."

"मला कुणी बोललं नाही."

"चुकलंच."

"सुटते कधी?"

"आठला."

मालकांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, नवा कारागीर बघावा तसं. नजर तिच्या हातांवर थांबली.

"मग मेन कोण पाडणार?"

"मी."

"विसरशील. दमलेला माणूस विसरतो."

"नाही विसरणार."

"ओल्या हाताने नाही. बांगड्या काढून. आणि आत कुणी आहे का, तीनदा हाक मारून."

"तीनदा," ती म्हणाली.

ते पाठमोरे झाले. खट्ट. तीन मिनिटांनी हिरवा दिवा लागला तेव्हा वहिनी धावत खोलीत पोचली होती, धापा टाकत "बोला, काय तक्रार आहे आपली?" म्हणत होती.

आठला ती उठली. फोनवर नवरा सांगत होता की नेटवाल्याशी बोलणं झालंय, घराच्या मीटरवरून डबीला वेगळी वायर ओढायची, तासाभराचं काम. म्हणजे म्हाताऱ्याचा प्रश्नच मिटला.

ती कारखान्यात शिरली. बांगड्या काढल्या, हात पदराला पुसले. रिकाम्या अंधारात तीनदा "कुणी आहे का?" म्हणाली. मग दांडा खाली ओढला. घरातून, खिडकीतून, लगेच मालकांचा आवाज आला.

"पाडला?"

"पाडला."

खिडकी बंद झाली.

बाहेर पडताना मोबाइलच्या उजेडात तिला दाराजवळचा फळा दिसला. पाळ्यांची नावं लिहायचा, सहा वर्षं कोरा पडलेला. त्यावर खडूने लिहिलं होतं: दुसरी पाळी – सूनबाई (हंगामी).

"ऐकतेस ना?" नवरा विचारत होता. "उद्याच बोलावू का त्याला?"

"राहू दे सध्या," ती म्हणाली. "आधी मला कायम होऊ दे."

"कंपनीत?"

"तिकडेही," ती म्हणाली आणि बांगड्या चढवत घराकडे निघाली.