अड्ड्यावर पाणी कुठून येतं

आई गेल्यापासून बाबांनी घराबाहेर पडणं सोडलं आणि आईचा विषय काढणंही सोडलं. उरले काय, तर मारधाडीचे सिनेमे. टीव्हीसमोर ठाण मांडायचे ते जेवायला हाक मारेपर्यंत. मी बोलून बोलून थकले. शेवटी वैतागून त्यांच्या शेजारी बसले आणि सिनेमातल्या चुका काढायला लागले. म्हटलं, निदान भांडतील तरी.

त्या दिवशी खलनायकाचा अड्डा होता बंद पडलेल्या कारखान्यात. पन्नासेक गुंड, भिंतभर टीव्हीचे पडदे, मधोमध चामड्याची खुर्ची. मी विचारलं, "बाबा, एवढी माणसं सकाळी जातात कुठे? पाणी कुठून येतं?" बाबा उखडलेच. म्हणाले, टँकर मागवत असतील, तुला मेली प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय. मी म्हटलं, लपून राहायचंय आणि दारात टँकर? झालं, जुंपली आमची. गल्लीच्या टोकाला सुताची गिरणी बंद पडलीये, चला तिथे, दाखवा मला कुठे मावतात पन्नास माणसं, असं मी तावातावाने म्हणाले. आणि बाबांनी चक्क पायात चपला सरकवल्या. मी लगेच दाराला कुलूप लावलं. न जाणो, विचार बदलायचे.

गिरणीचं फाटक एका बाजूने वाकलेलं होतं, त्यातून आत शिरलो. छप्पर जागोजागी उडालेलं, खाली कबुतरांची घाण. बाबा मात्र खुशीत. इथे खुर्ची, तिथे पहारा, असं त्यांचं चाललं होतं. तेवढ्यात दोरीवर वाळत घातलेला सदरा दिसला आणि त्यामागून काठी घेऊन रखवालदार आला. भर दुपारी बापलेक भिंती चाचपतायत म्हटल्यावर त्याने आम्हाला भंगारचोरच ठरवलं. आम्ही सिनेमातलं खरंखोटं बघायला आलोय, असं बाबांनी सांगितलं. ते ऐकून तर त्याचा संशय पक्काच झाला. घरी फोन लावा म्हणाला, घरच्या माणसाशी बोलतो.

मी काहीतरी सारवासारव करणार, तोच बाबा म्हणाले, "घरी कोणी नाही. बायको गेली माझी. आता मी आणि ही लेक, एवढेच."

रखवालदाराने काठी भिंतीला टेकवली आणि आम्हाला बसायला दोन बादल्या पालथ्या घालून दिल्या. मला राहवेना, मी पाण्याचं विचारलंच. तो म्हणाला, एका बादलीसाठी समोरच्या इमारतीतल्यांची बोलणी खावी लागतात. पन्नास जण असले तर आंघोळीच्या रांगेतच दिवस मावळेल, दरोडा घालणार कधी? बाबांना हरलेलं खपत नाही. पण ते हसले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले.

"हिची आई असती ना," ते त्याला म्हणाले, "तर त्या खलनायकाला खुर्चीवरून उठवून आधी खालचा केर काढला असता तिने."

मग आई कशी चिडायची, कशी बेसूर गुणगुणायची, चहात साखर घालायला कशी विसरायची, सांगतच सुटले. मी बादलीवर बसून रडत होते आणि मनात म्हणत होते, बाबा, थांबू नका.