दहा पास

संत्र्याच्या फोडी, अठ्ठावीस. डबा उन्हात.

बारा दिवस वीज नसलेला फ्रिज. दार उघडण्याआधी मी श्वास रोखतो.

मोठ्या माणसाचे हातमोजे, नऊ वर्षांच्या हातांवर.

"एकवीस! बावीस! तेवीस!"

माझ्या मेहुण्याच्या खालच्या ओठाला चिकटलेला वेफरचा तुकडा. तो ओरडेल तसा हलणारा.

नियम अकरा: सहा गोलांची आघाडी झाली की पुढे असलेल्या संघाने सलग दहा पास दिल्याशिवाय त्याचा गोल धरला जाणार नाही.

आता नीट सांगतो.

मी फ्रिज दुरुस्त करतो आणि शनिवारी सकाळी दहा वर्षांखालच्या मुलींना फुटबॉल शिकवतो. माझी मुलगी त्याच संघात आहे. सामना सात-सात जणींचा. समोरच्या संघाच्या मोजून सात आल्या होत्या, बाकावर एकही नाही. त्यांना शिकवतात त्या बाई बस चालवतात. दुपारची ड्यूटी होती म्हणून गणवेशाची पँट घालूनच आल्या होत्या. मुली कमी पडल्यामुळे त्यांचे दोन सामने याआधीच रद्द झालेले. तिसरा झाला की संघ बाद, वर्षभरासाठी. हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

मध्यंतराला सहा-शून्य. मुलींना गोळा करून मी म्हणालो, "आता नियम अकरा. दहा पास. त्यांनाही जरा खेळू द्या." आणि फोड चोखत उभा राहिलो. फार सज्जन असल्यासारखं वाटत होतं मला.

दुसऱ्या हाफमध्ये पहिले दहा पास झाले आणि गोल झाला. सात. मग मेहुण्याने मोजायला सुरुवात केली. त्याच्यामागून बाकीचे आईबाप. दहा झाले तेव्हा तो ओरडला, "मारू नका गं! फिरवा, फिरवा!"

मुलींनी फिरवला.

समोरच्या धावायच्या, चेंडू निघून जायचा. पुन्हा धावायच्या, पुन्हा निघून जायचा. पंधरा. एकोणीस. एकीची आई मोबाईल उंच धरून शूट करत होती आणि हसताना तिच्या हिरड्या दिसत होत्या. चोविसाव्या पासाला समोरची एक मुलगी पाय घसरून पडली, तेव्हा टाळ्या पडल्या. मोठ्या माणसांच्या टाळ्या. काहींच्या हातात कॉफी होती, त्यांनी मांडीवर थापा मारल्या.

एकतिसाव्याला माझ्या मुलीने चेंडू थांबवला. त्यावर बसली. पायावर पाय टाकून.

"भावोजी, पोरगी बघा तुमची! महाराणी!"

मी हसलो. हे लिहायलाच हवं. तोंड आपोआप पसरलं, आणि मग मला त्या बारा दिवसांच्या फ्रिजचा वास आला. दार उघडं होतं आणि आत मी होतो.

त्यांची गोलकीपर हातमोजे काढत होती. दोन्ही काढले, गोलच्या आत ठेवले, पिशवीकडे चालू लागली.

"बाळा, तू गेलीस तर सहा उरतील," बसवाल्या बाई म्हणाल्या.

"उरू देत."

बाई सरळ माझ्याकडे आल्या. आवाज चढवला नाही.

"दादा, गोल मारा हो."

"बाई, नियम तुमच्या मुलींसाठीच—"

"माझ्या मुली गोल खातात. खातात, घरी जातात, जेवतात. शनिवारी पुन्हा येतात. हे मात्र पचायचं नाही त्यांना. वीस मारा. पण मारा."

मी मैदानात शिरलो. मुलीला दंडाला धरून चेंडूवरून उठवलं. "पास बंद. दिसला गोल की मारायचा, जोरात. आणि त्यांच्याकडे बघून खेळायचं."

पंच आले. "दहा पासांशिवाय गोल मोजता येणार नाही."

"नका मोजू."

"भावोजी, काय हे! रंगात आलेला खेळ घालवलात," मेहुणा ओरडला. त्याला मी जे उत्तर दिलं ते मुलींसमोर द्यायचं नव्हतं.

गोलकीपर रेषेबाहेर उभी राहून हे बघत होती. बाईंनी हातमोजे उचलून पुढे धरले. तिने एक घातला, दुसऱ्याची पट्टी दातांनी ओढली.

उरलेल्या अकरा मिनिटांत आम्ही पाच मारले. एकही मोजला गेला नाही. सहावा माझ्या मुलीचा, रागाने मारलेला, पोटाच्या उंचीवर. गोलकीपरने तो छातीशी धरला आणि चेंडूसकट मागे बसली. पण धरला. त्यांच्या सहा जणी तिच्या अंगावर कोसळल्या. शेवटच्या शिट्टीला त्या सात होत्या. आमच्या बाजूने कुणी टाळी वाजवली नाही.

गाडीत मेहुणा मागे बसला, वेफरची पुडी चुरगाळत. मुलगी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दहा पास तूच सांगितलेस ना, बाबा."

"हो."

"मग?"

मी गिअर टाकला. डब्यात नऊ फोडी उरल्या होत्या, कोमट. कुणाला खाववल्या नाहीत.

सकाळी, सामन्याआधी, त्या गोलकीपरच्या हातमोज्यांच्या पट्ट्या माझ्या मुलीने आवळून दिल्या होत्या.