ओव्हनवर उमटलेला पंजा

“उमटला! आईचा पंजा उमटला!” नामाबुवा किंचाळला, तशी बचत गटाच्या खोलीत दाटीवाटीने उभी असलेली अर्धी वस्ती हात जोडून खाली बसली.

बुवाने घोंगडी ओढून बाजूला केली होती. ओव्हनच्या काळ्या काचेवर एक इवलासा हिरवा पंजा खरोखरच चमकत होता. आतला दिवा लागला, पंखा घुरघुरला आणि दोन-तीन दिवस थंडगार पडलेला ओव्हन तापायला लागला.

“बोटं मोजून घ्या!” बुवा म्हणाला. “आईनं सोता हात टेकलाय. ही काय साधी मशीन नाय, अग्नीनारायण हाय! त्याला विटाळ झालाय. कोणाच्या हातानं झाला, ते मी सांगायला पायजे काय?”

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दारात कमळ उभी होती. तिने मान खाली घातली.

मी या वस्तीच्या शाळेत विज्ञान शिकवते. बुवाबाजी दिसली की माझं डोकं सटकतं, हे आधीच सांगून टाकते. त्यामुळे नामाबुवाबद्दल माझ्याकडून गोड शब्दाची अपेक्षा ठेवू नका. हा गृहस्थ मुरबाडकडून यायचा. अंगावर भगवी शाल, बोटात चार अंगठ्या, आणि झोळी धरायला चांगो नावाचा चेला. चमत्कार झाला की गावठी कोंबडा आणि बिस्किटांचा मोठा डबा त्याच झोळीत जायचा. आईसाहेबांना नाचणीची बिस्किटं फार आवडतात म्हणे.

ओव्हन गटाकडे नुकताच आला होता. भातसानगरच्या वसाहतीतल्या एका कुटुंबाची बदली झाली. जाताना त्यांनी तो बायकांना देऊन टाकला आणि त्यांच्या मिस्त्रीने तो जोडून, सुरू करून दिला. कमळने एका दिवसात त्याची नाडी ओळखली. कुठल्या आचेवर बिस्किट खुसखुशीत होतं, हे तिलाच कळायचं. नवरा गेल्यापासून ती आणि तिची लेक याच खोलीतल्या कामावर जगत होत्या.

मग खंडेनवमी आली. कोयते, विळे, फाळ यांच्यासोबत बायकांनी ओव्हनचीही पूजा मांडली. त्या दिवशी अवजारांना विसावा द्यायचा, म्हणून त्याचा प्लग काढला. पुसून लख्ख केला, झेंडूची माळ घातली. हळदकुंकू कमळने लावलं, कारण ओव्हन चालवायची तीच. दसरा झाल्यावर प्लग लावला, तर ओव्हन ढिम्म हलेना. प्लग काढून पुन्हा लावला, थापट्या मारल्या, नारळ फोडला. काही नाही. तेव्हा कुठे सगळ्यांना आठवलं की कमळ विधवा आहे. हळदकुंकू लावताना कुणालाच आठवलं नव्हतं!

पुढे काय झालं ते तुम्ही पाहिलंच. बुवाने घोंगडीखाली हात घालून मंत्र पुटपुटले, पंजा उमटवला आणि जाता जाता हुकूम सोडला, “त्या बाईनं अग्नीला शिवायचं नाय.”

चार दिवस गेले. दुपारी वीज गेली, आली आणि ओव्हन पुन्हा मेला. बुवाने फोनवरच निदान केलं, की तिची सावली पडली. कमळला खोलीबाहेर काढलं आणि बुवाने येऊन पुन्हा पंजा उमटवला. मग आणखी एकदा वीज गेली आणि ओव्हन पुन्हा बंद पडला. आता बुवा म्हणाला, तिचं नाव गटातूनच काढा, रविवारी मी येतो.

मी सकुबाईंना गाठलं. त्या गटाच्या अध्यक्ष, वस्तीत शब्दाला वजन असलेल्या.

“सकुबाई, कमळला काढलंत तर ती खाणार काय?”

“आमी काय करू बाई? शहापूरच्या दुकानांची दिवाळीची मागणी डोक्यावर हाय. एकीसाठी सगळ्यांचा धंदा बुडवू?”

“अहो, मशीन बिघडली असेल!”

“बिघडली असती तर बुवाच्या मंत्रानं चालू झाली असती? तुमचं पुस्तक शाळेत ठेवा.”

मी तडक खोलीत गेले. ओव्हनच्या काचेवर शून्यं लुकलुकत होती. कल्याणला माझ्या बहिणीच्या घरी वीज गेली की तिचा ओव्हन अशीच शून्यं दाखवतो! सगळा उलगडा झाला. बटणं दाबून मी तिथल्या तिथे ओव्हन चालू करू शकले असते. पण मग ‘बुवाचा मंत्र फळला’ असंच सगळे म्हणाले असते आणि कमळ बाहेरच राहिली असती. मी रविवारची वाट पाहिली.

रविवारी बुवाने घोंगडी पसरायला घेतली, तेवढ्यात मी काजळाची डबी घेऊन पुढे झाले.

“बुवा, एवढी नजर लागतेय, तर ओव्हनला तीट लावू का?”

बाईंना सुबुद्धी झाली म्हणून सकुबाई खूश झाल्या. बुवाही फुलला. “लावा, लावा! शिकलेल्यांना पण शेवटी पटतंच!”

मी काळ्या बटणांपैकी दोनच बटणांवर काजळ चांगलं थापलं. काळ्यावर काळं, कुणाला दिसायला? घोंगडी पडली. मंत्र झाले. “उमटला!” अशी आरोळी झाली आणि माणसं हात जोडू लागली.

“बुवा,” मी मोठ्याने म्हणाले, “पंजा आईचा पाहिला. आता तुमचाही दाखवा.”

त्याने मूठ आवळली. म्हाताऱ्या धोंडूबाई शेजारीच बसल्या होत्या. आशीर्वाद मिळेल या आशेने त्यांनीच त्याचा हात ओढून डोक्यावर घेतला आणि त्यांच्या पांढऱ्या केसांना, कपाळाला काजळ फासलं गेलं. बुवाची दोन बोटं काळीकुट्ट होती.

“हे... चुलीचं काळं,” बुवा चाचरला.

“इथं चूल कुठं हाय?” सकुबाईंनी विचारलं. मग चेल्याकडे वळल्या. “चांगो, खरं बोल रे!”

चांगोने झोळी खाली ठेवली. “बुवा आधी कसाऱ्याच्या हाटेलात कामाला होता. तिथं पण असलीच मशीन होती.”

मी प्लग काढून पुन्हा लावला. शून्यं लुकलुकली. “नीट बघा. वीज गेली की याचं घड्याळ वेळ विसरतं, आणि वेळ कळेपर्यंत ओव्हन तापत नाही. ही दोन बटणं एकदम दाबली की त्याला कळतं, घड्याळाकडे बघू नको, आता माणूस हाताने चालवणार आहे. म्हणून हाताचं चित्र उमटतं. खंडेनवमीला तुम्ही प्लग काढलात, एवढाच तो विटाळ. कमळ, आत ये. दाब.”

“ती नको, बाई,” सकुबाई पुटपुटल्या.

दाराबाहेर उभी असलेली कमळ आत आली. तिने बटणं दाबली. हिरवा पंजा उमटला, पंखा घुरघुरला. मग धोंडूबाईंनी तिच्यापुढे हात जोडले. “हिच्या पण हातात आई आली गो!”

“हात खाली करा,” कमळ कडाडली. “मला देवी पण करू नका नि विटाळ पण करू नका. पीठ काढा, कामाला लागू.”

बुवा मागच्या दाराने सटकला होता. त्याच्या नावाने शिव्यांचा पाऊस सुरू झाला, तो मला ऐकवेना.

“त्याला कशाला नावं ठेवता?” मी म्हणाले. “तो लबाडच आहे. पण पहिल्या दिवशी त्याने कमळचं नाव घेतलं होतं का? ‘मी सांगायला पाहिजे काय’ एवढंच विचारलं होतं त्याने. माना तुम्ही वळवल्यात. ती हळदकुंकू लावत होती तेव्हा चाललं, आणि मशीन अडली की तिचं कपाळ दिसलं! पुन्हा काही बंद पडलं तर आधी वीज बघा, वायर बघा, बटण बघा. कळलं नाही तर मिस्त्रीला विचारा. बाईचं कपाळ बघू नका.”

सकुबाई उठल्या, ओव्हनजवळ गेल्या आणि त्यांनी स्वतःच प्लग काढून परत लावला. शून्यं लुकलुकू लागली.

“कंची दोन बटणं गो, कमळ?” त्या म्हणाल्या. “मला पण दाखव.”