गठ्ठेवाल्या कवीचे चित्र

मित्रांनो, मी एक जुने छापील व्यंगचित्र आहे. आठ वर्षांपूर्वी बसवनगुडीतल्या नागनाथअण्णांनी मला लिनोच्या, म्हणजे रबरासारख्या मऊ पत्र्याच्या, तुकड्यावर उलटे कोरले, काळी शाई फिरवली आणि वर कागद दाबून अलगद उचलले. माझ्यात कवी उमाकांतराव आहेत; संमेलनाआधी त्यांच्या काखेत कागदांचा जाड गठ्ठा पाहूनच अण्णांना मी सुचले. त्यांच्या हातातला कवितेचा गठ्ठा छताला टेकला आहे आणि समोरचे श्रोते घोरत आहेत.

कानडी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाची रीतच होती. दसऱ्याच्या कविसंमेलनात दरवर्षी एका कवीची अशी खोड काढायची आणि त्याने सर्वांसमोर हसत आपले चित्र घरी न्यायचे. रुसला तो कवी कच्चा!

मला पाहून लोकांची हसून मुरकुंडी वळली. "राव, स्वल्प दया करा आमच्यावर!" कोणीतरी ओरडले. उमाकांतरावही हसले आणि गठ्ठा न वाचताच मला घेऊन घरी गेले. मी तर गर्वाने फुगलेच होते.

त्यांच्या मुलीने, रूपश्रीने, मला भिंतीवर लावले आणि तिथे माझी मान खाली गेली. उमाकांतरावांची नजर अधू झाली होती. ते जाड पेनाने मोठमोठी अक्षरे काढत. एका कागदावर जेमतेम दोन शब्द मावत. कविता मात्र बारा ओळींची!

"अप्पा, मंडळात सांगा की," रूपश्री म्हणाली.

"नको गं. रुसलो म्हणतील."

त्यानंतर ते संमेलनाला जात, मागच्या खुर्चीवर बसत, टाळ्या वाजवत. वाचले मात्र कधीच नाही. हळूहळू लिहिणेही सुटले. मला स्वतःची इतकी लाज वाटे की वाळवी लागली तर बरे, असे वाटायचे.

यंदा उमाकांतराव गेले. नागनाथअण्णा भेटायला आले, तेव्हा रूपश्रीने तो गठ्ठा त्यांच्या हाती दिला. त्यांनी एकेक कागद उलटत कविता वाचली. ती आईवर होती.

"संपली? इतकीच?"

"इतकीच, अण्णा. अप्पांना बारीक अक्षर दिसत नव्हतं."

अण्णांनी सगळे कागद पुन्हा नीट रचले. "त्यांनी मला एक शब्द तरी सांगायचा की गं. मी शेजारी उभा राहून वाचली असती."

मित्रांनो, खुशाल हसा, चेष्टाही करा. पण ज्याला हसता, त्याच्या जवळ जाऊन आधी एकदा विचारा. तो हसतो आहे म्हणून त्याला लागले नाही, असे समजू नका. नागनाथअण्णा आता दर रविवारी येतात आणि उमाकांतरावांच्या रिकाम्या खोलीत मोठ्याने त्यांची ती कविता वाचतात.