राहीबाईच्या दाखल्याची सहा वर्षं

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. अस्सल पितळेचा. माझ्या तोंडाला आटे पाडलेले आहेत. त्यांवर झाकण फिरवून घट्ट बसवलं की मला उलटं टांगा, नाहीतर बैलगाडीत लोळवा, पाण्याचा थेंब सांडायचा नाही. निदान पूर्वी सांडत नसे. आता फिरकी जरा सैल झाली आहे, पोटाला दोन पोचे आले आहेत, आणि मी फडताळाच्या वरच्या फळीवर प्लास्टिकच्या बाटल्यांच्या मागे बसून असतो. पण मित्रांनो, हसू नका. त्या बाटल्या आज आहेत, उद्या उकिरड्यावर जातील. मी मात्र तीन राज्यांचं पाणी प्यायलेला तांब्या आहे!

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या तांबटानं मला इतकं ठोकलं, इतकं ठोकलं, की दुसरा कुणी असता तर रडला असता. मी गोल झालो. मग एका व्यापाऱ्याबरोबर पांढरकवड्याच्या बाजारात आलो आणि तिथं डोमाजी नावाच्या माणसानं मला उचललं. त्याच्या भाचीचं, राहीचं, लग्न ठरलं होतं. "पोरगी दूर चालली, वाटेत तहान लागन," असं म्हणत त्यानं मला धोतराच्या सोग्यानं पुसलं. ते साल १९५१ होतं.

दूर म्हणजे किती? पैनगंगेच्या पल्याड, एवढंच. पण अल्याड वऱ्हाड, म्हणजे तेव्हाचा मध्य प्रदेश, आणि पल्याड हैदराबाद राज्य. निजामाची सत्ता जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी म्हातारी माणसं त्या बाजूला अजून मोगलाईच म्हणायची. राहीचं सासर तलमडुगुकडच्या एका खेड्यात होतं. नवरा मारोतराव भाजीपाला पिकवायचा, त्याची वांगी आदिलाबादच्या बाजारात हातोहात जायची. सासरे यशवंतराव, सासू प्रयागबाई. माणसं सगळी साधी, कष्टाळू.

राही होती सातवी पास. त्या काळी त्याला फायनल म्हणत, आणि फायनल झालेली मुलगी दहा गावांत एखादी सापडायची. गावात मराठी शाळा होती, पण शिकवायला बाई नाही म्हणून लोक मुलींना पाठवत नव्हते. मग काय, गावाला आनंदीआनंद झाला. आपल्याच मारोतरावाची बायको मास्तरीण होणार! शाळा तपासणारे साहेबही खूश झाले. फक्त एवढंच म्हणाले, "मुलकी दाखला आणा."

मुलकी म्हणजे इथला रहिवासी. सरकारी नोकरी इथल्याच माणसाला मिळायची. जो इथं जन्मला तो मुलकी, जो पंधरा वर्षं इथं राहिला तो मुलकी, आणि मुलकी माणसाची बायको तीही मुलकी. सोपं आहे की नाही? नवरा इथला म्हणून बायको इथली. अर्ज दिला की झालं. मलाही तसंच वाटलं होतं. मी तेव्हा अगदी कोरा होतो, अकलेनंसुद्धा.

पहिल्या चौकशीला राहीनं मला काखेत धरून आदिलाबादच्या कचेरीत नेलं. कारकून उर्दूत लिहिणारा होता. त्यानं मारोतरावाला बाहेर थांबायला सांगितलं आणि राहीला विचारलं, "शौहर का नाम?"

राहीनं मान खाली घातली. तिचा अंगठा माझ्या झाकणावर फिरायला लागला. आता तुम्ही म्हणाल, नवऱ्याचं नाव तर सांगायचं होतं! अहो, तेच तर सांगायचं नव्हतं. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसे. नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं प्रयागबाईनं तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. गावातल्या मारोतीच्या देवळालाही राही बिचारी "शेंदऱ्या देवाचं देऊळ" म्हणायची. कारकुनानं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा राहीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडातून नाव काही आलं नाही. कारकून बाहेरून आलेला होता. त्यानं खांदे उडवले आणि लिहून टाकलं: अर्जदार बाईला नवऱ्याचं नाव सांगता आलं नाही.

बाहेर आल्यावर धोंडीबा चपराशानं कपाळावर हात मारला. "अवो बाई, याचा अर्थ काय होते, माहीत हाय? खोटं लगीन लावून दाखला घ्याले आली, असा होते!"

"मी सांगतो ना त्यायले," मारोतराव म्हणाला.

"तुमचं कोन आइकते? बाईच्या तोंडचं पाहिजे."

परतीच्या वाटेवर मारोतराव आधी खूप हसला आणि मग गाव येईपर्यंत उगाच बैलांना हाकत राहिला. राही माझ्या झाकणाची फिरकी उघडत आणि लावत राहिली.

पुढं तो कारकून बदलून गेला, पण त्यानं लिहिलेली ओळ फाइलीत मुक्कामाला राहिली. जो नवा साहेब येई तो ती वाची आणि म्हणे, पटवाऱ्याकडून पुन्हा चौकशी करा. पटवारी म्हणे, वरून हुकूम येऊ द्या. असं चाललं होतं. दर बाजारच्या दिवशी सकाळी भाजी विकायची आणि दुपारी कचेरीच्या आवारात लिंबाखाली जाऊन बसायचं, हा राहीचा नेमच झाला. तिथं नाना गावची माणसं ताटकळत बसलेली असायची. राही सगळ्यांना पाणी द्यायची. मी दिवसातून सहा-सात वेळा भरला जायचो. "बाई, तुहा तांब्या लय पुन्यवान हाय," असं एक म्हातारा म्हणाला, तेव्हा मी उन्हात असा काही चमकलो म्हणता!

आणि राही नुसती बसून राहिली असं समजू नका. घरच्या ओसरीवर तिनं मुलींना शिकवायला सुरुवात केली. पगार नाही, हजेरीपट नाही. आधी चार मुली आल्या, मग अकरा. त्यांना पाढे म्हणताना ऐकून माझे पाढे पाठ झाले, फक्त एकोणतीसला मी अजून अडतो. पण संध्याकाळी मुली घरी गेल्या की कधीकधी राही चुलीपुढं बसून म्हणायची, "लगीन झालं, मळ्यात राबून राह्यली, अन् अजून मी पाहुनीच काय?" मला फार वाईट वाटायचं. तांब्याला बोलता येत नाही, हे किती बरं आणि किती वाईट!

तिसऱ्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं. या खेपेला राही तयारीनं गेली होती. लग्नात, हळदीकुंकवात बायका उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतात, त्याला कुणाची हरकत नसते. साहेबानं नाव विचारताच तिनं पदर सावरला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं:

"वांग्याच्या झाडाला जांभळं फूल फार,
मारोतरावांचं नाव घेते, साहेब, उघडा दाखल्याचं दार!"

कचेरीतले मराठी कारकून टेबलावर थाप मारून "वाहवा" म्हणाले. साहेबही हसला. मी म्हटलं, जिंकलो! तेवढ्यात साहेबानं दौतीत टाक बुडवला आणि म्हणाला, "पूरा नाम. वालिद के नाम के साथ."

म्हणजे सासऱ्यांचं नाव. झालं! सासऱ्यांच्या नावाचा उखाणा कुणी रचून ठेवला आहे का? सून सासऱ्यांसमोर उभी राहत नसे, तिथं नाव कुठलं घेणार? फाइलीत आणखी एक ओळ वाढली.

मग १९५६ साल आलं आणि राज्यंच मोडून नवी मांडली गेली. हैदराबाद राज्य उरलं नाही. राहीचं माहेर मुंबई राज्यात गेलं, सासर आंध्र प्रदेशात. कचेरीवरची पाटी बदलली, साहेब बदलले, बोली बदलली. शाळा तपासणारे साहेब गावात येऊन स्पष्टच सांगून गेले, "जुने मास्तर बदलून चालले. जूनपर्यंत दाखला असलेली मराठी शिक्षिका मिळाली तर शाळा राहील. नाहीतर बंद करून मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत घालू." दुसरं गाव तीन कोस. मुलगे गेले असते. अकरा मुलींचं शिकणं मात्र तिथंच संपलं असतं.

संक्रांतीनंतर चौकशीची तारीख लागली, आणि नेमका आदल्या दिवशी मारोतराव तापानं फणफणला. गाडी कोण हाकणार? पहाटे बघतो तर काय, यशवंतरावांनी बैल जुंपलेले! सहा वर्षांत हा माणूस सुनेशी सरळ एक वाक्य बोलला नव्हता. काही हवं असलं तर बैलाकडं किंवा भिंतीकडं बघून बोलायचे. अर्ध्या वाटेत त्यांनी गाडी थांबवली. राहीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून मला पुढं केलं. म्हातारा घटाघटा पाणी प्यायला आणि झाकण लावून माझ्याकडंच बघत बोलायला लागला.

"नाव घेतल्यानं मानूस मरत असता, तर नावं पुकारून पुकारून पटवाऱ्यानं सारा गाव मारला असता." मग त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदा थेट तिच्याकडं पाहिलं. "राही बेटा, आज माहं नाव घे. मोठ्यानं घे. त्या पोरीयले शिकवतं ना, तशा आवाजात घे. मी काही मरून नाही राह्यलो."

राहीनं वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. खरं सांगतो मित्रांनो, त्या घडीला माझी फिरकी जागच्या जागी अडकली.

नवा साहेब तरुण होता, तेलुगू बोलणारा. धोंडीबा दुभाष्या म्हणून शेजारी उभा होता. साहेबानं फाइल चाळली, त्या जुन्या ओळी कारकुनाकडून वाचून घेतल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. "भर्त पेरु?"

"नवऱ्याचं नाव इच्यारते, बाई," धोंडीबा हळूच म्हणाला. "पुरं नाव. या वक्ताले राहू नका देऊ काही."

राहीनं मला टेबलाच्या कडेला ठेवलं आणि ताठ उभी राहिली. अकरा मुलींच्या मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मारोतराव यशवंतराव निकोडे!"

बाहेर लिंबाखाली पेंगत बसलेल्या म्हाताऱ्याला वाटलं, पुकारा झाला. तो धडपडत उठला, डोक्याचं पागोटं सावरत दारात आला आणि हात जोडून ओरडला, "हाजिर! यशवंतराव निकोडे हाजिर हाय, सरकार!"

असा हशा उसळला की माझ्या पोटातलं पाणी डुचमळलं. साहेबानं हसू आवरत म्हाताऱ्याला विचारलं, ही बाई कोण? धोंडीबानं प्रश्न मराठीत सांगितला.

"माही सून हाय," यशवंतराव म्हणाले. मग मान हलवून म्हणाले, "सून कायची, माही पोरगी हाय. सहा वर्सं झाली, माह्याच घरची हाय. तुमच्या कागदालेच उशीर होऊन राह्यला."

साहेब हसायचा थांबला. त्यानं टाक उचलला आणि सही केली. महिन्याभरानं दाखला हातात आला. जूनमध्ये राहीबाई शाळेत रुजू झाली आणि त्या अकरा मुली पहिल्याच दिवशी पुढच्या रांगेत जाऊन बसल्या. मारोतरावाचा ताप तर चौकशीच्या दुसऱ्याच दिवशी उतरला होता. आयुष्य कमी झालं म्हणता? पुढं छत्तीस वर्षं तो वांगी पिकवत राहिला!

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. वर्षातून एकदा मला चिंचेच्या कोळानं घासा, सैल फिरकी एखाद्या कारागिराला दाखवा, आणि मला मोडीत तेवढं घालू नका. आणखी एक. नदीपलीकडून, डोंगरापलीकडून कुणी तुमच्या गावात नांदायला, राबायला, शिकवायला आलं, तर त्याला सहा वर्षं झाडाखाली बसवू नका. आधी पाणी विचारा. कागद मागाहूनही बघता येतो. आणि पाणी कमी पडलं, तर मी वरच्या फळीवर आहेच.