उंबरमाळ माझ्या पडद्यावर

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. तुमच्या मोबाइलमध्ये असतो तसला नव्हे. मी डबीसारखा मिटतो, आणि मला दोन्ही हातांत धरून खेळावं लागतं. एके काळी मी निळा होतो. जिथे बोटं टेकतात तिथला रंग आता उडाला आहे. चार दिशांचं बटण जरा सैल झालं आहे, पण अजून ऐकतं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. कुणी माझ्यात पडदा बसवला, कुणी बटणं, आणि शेवटी एका बाईनं मला मऊ फडक्यानं पुसून खोक्यात ठेवलं. एवढंच आठवतं. रसायनीतल्या एका कंपनीत ऑपरेटर असलेले योगेंद्रकाका कामानिमित्त त्या देशात आले होते. त्यांनी मला आपल्या मुलीसाठी घेतलं. तिचं नाव हर्षला. ती तेव्हा पाचवीत होती आणि मोहोपाड्याच्या कॉलनीत राहत होती.

माझ्या पाठीत एक खाच आहे. तिच्यात गेमची कॅसेट बसते. माझ्याबरोबर एकच कॅसेट आली होती, तीही त्या परक्या देशाच्या भाषेतली. त्या गेममध्ये टोपी घातलेला एक मुलगा गावोगाव फिरायचा आणि भेटेल त्याच्याशी बोलायचा. कोण काय बोलतं, ते मात्र कॉलनीत कुणालाच वाचता येत नव्हतं.

शाळा सुटली की हर्षलाबरोबर तिची मैत्रीण वनिता घरी यायची. वनिताचं घर डोंगरावर, उंबरमाळ नावाच्या ठाकरवाडीत. तिची आई चिंधी रानभाज्या आणि करवंदं घेऊन मोहोपाड्याच्या बाजारात बसायची. सगळा माल खपेपर्यंत वनिता हर्षलाकडे थांबायची आणि मग दोघी मायलेकी डोंगर चढायच्या. बाजार उठेपर्यंतचा तो वेळ माझा होता. दोन डोकी माझ्यावर वाकायची. एकीच्या केसांना साबणाचा वास, दुसरीच्या केसांना धुराचा.

गेममध्ये विहिरीपाशी एक म्हातारा उभा असायचा. त्याच्यासमोर गेलं की पडद्यावर परकी अक्षरं उमटायची.

"हा काय म्हणतोय गं?" हर्षलानं एकदा विचारलं.

"इचारतोय, भाकर खाल्ली का?" वनिता म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"म्हातारी माणसं दुसरं काय इचारतात?"

त्या दिवसापासून माझ्यातली सगळी माणसं मराठी बोलू लागली. दुकानदारीण वनिताच्या आत्यासारखी करवादायची, शिपाई शाळेतल्या सरांसारखा दरडावायचा. मुली हसून हसून लोळायच्या. मित्रांनो, ज्यांनी मला घडवलं त्यांना हे माहीत नव्हतं, पण तोच माझा खरा गेम होता.

माझी बॅटरी संपत आली की हिरवा दिवा लाल व्हायचा. मग दोघी मला चार्जिंगला लावायच्या, आणि वनिता उंबरमाळचं सांगत बसायची. वाडीच्या तोंडाशी मोठं उंबराचं झाड आहे. त्याच्या पलीकडे झरा. झऱ्यावरून चढण चढलं की पहिलं घर मोरूकाकाचं, आणि अगदी वरच्या टोकाला आपलं. भिंती कुडाच्या, शेणानं सारवलेल्या. ओटीवरून खाली सगळं दिसतं, रसायनीच्या कारखान्यांची धुराडी आणि पाताळगंगा नदीचं पाणीसुद्धा.

"ये ना एकदा," ती म्हणायची.

हर्षलाला जायचं होतं. तिची आई म्हणायची, "एवढा डोंगर? पुढच्या सुट्टीत बघू." ती पुढची सुट्टी काही आली नाही.

दोघी नववीत असताना पावसाळ्यात उंबरमाळच्या वरच्या अंगाला डोंगराला भेग पडली. कुणाला इजा झाली नाही, पण सगळ्यांना खाली उतरावं लागलं. काही जण नातेवाइकांकडे पांगले, काही पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. वनिताचं कुटुंब मामाकडे कर्जतच्या बाजूला गेलं, असं नंतर कुणीतरी सांगितलं. त्यांच्याकडे फोन नव्हता. पत्ताही कुणाला माहीत नव्हता.

हर्षला काही दिवस एकटीच खेळली. तिनं त्या मुलाला विहिरीपाशी नेलं. म्हातारा बोलला. ती अक्षरांकडे बघत राहिली, आणि तिनं मला मिटून ठेवलं.

मग फार वर्षं मी खोक्यात होतो. माणसाला वाटतं, यंत्राला काय कळतं? पण खेळायला घडवलेल्या वस्तूला हात लागला नाही, तर ती हातांचीच वाट बघते. लांबून कंपनीचा भोंगा ऐकू यायचा आणि मी म्हणायचो, आता शाळा सुटली असेल. पुढे योगेंद्रकाका निवृत्त झाले, घर कर्जतला भिसेगावात आलं, आणि भोंगाही ऐकू येईनासा झाला.

गेल्या वर्षी एका दुपारी खोकं उघडलं. समोर हर्षला होती, मोठी झालेली, चष्मा लावलेली. ती आता घरी बसून कंपनीची सॉफ्टवेअरची कामं करत होती. मला हातात धरूनच ती वडिलांना सांगत होती.

"बाबा, वनिता भेटली! औषधाच्या दुकानाबाहेर. तिनंच हाक मारली. बरोबर चिंधीमावशी होत्या. मावशींनी मला ओळखलं नाही. वनितालाही कधी कधी ओळखत नाहीत म्हणे. विसरण्याचा आजार झालाय."

वनितानं तिला सगळं सांगितलं होतं. मायलेकी आता खालापूरच्या बाजूला, त्याच डोंगराच्या पायथ्याशी, वाडीला मिळालेल्या नव्या घरांत राहतात. वनिता एका कारखान्याच्या कँटीनमध्ये कामाला जाते. आई दिवसभर शांत असते, पण सांज झाली की उठते आणि डोंगराची वाट धरते. घरी जायचंय, म्हणते. ती वाट अर्धी ढासळली आहे. एकदा ती तिथे घसरून पडलीसुद्धा. "उंबरमाळचा एक फोटू पण नाय गं आमच्यापाशी," वनिता म्हणाली होती. "असता तर दाखवला असता तिला. हे बघ तुझं घर, म्हणले असते."

"फोटो नाही," हर्षला वडिलांना म्हणाली, "पण मला सगळं तोंडपाठ आहे. मी कधी गेले नाही, तरी पाठ आहे."

मित्रांनो, पुढे जे झालं ते तुम्हालाही करता येईल, म्हणून नीट सांगतो. माझी बॅटरी फुगली होती. फुगलेली बॅटरी कधी दाबू नये, टोचू नये. हर्षलानं ती जपून काढली आणि नवी बसवली. नंतर तिनं एक फ्लॅश कॅसेट मागवली. साध्या कॅसेटमध्ये एकच गेम कायमचा कोरलेला असतो. फ्लॅश कॅसेट म्हणजे कोरी पाटी. तिच्यात नखाएवढं मेमरी कार्ड बसतं. कॉम्प्युटरवर गेम तयार करायचा, त्याची फाइल कार्डावर उतरवायची, कार्ड कॅसेटमध्ये आणि कॅसेट माझ्या पाठीत घालायची. मी सुरू झालो की पडद्यावर यादी येते, तिच्यातून आपला गेम निवडायचा. काही लोक अशा कॅसेटमध्ये दुसऱ्यांचे विकायचे गेम फुकटात भरतात. ते करू नका. कोरी पाटी आपलं लिहायला असते. असे घरी बनवलेले गेम जगभर लोक हौसेनं करतात, आणि ते कसे करायचे हे एकमेकांना मोकळेपणानं शिकवतात.

हर्षला त्यांच्याकडूनच शिकली. सुरुवातीला माझा पडदा नुसताच पांढरा व्हायचा. कार्ड चुकीच्या पद्धतीनं तयार केलं होतं. ते सुधारल्यावर पडदा काळा झाला. मग एक दिवस काळ्यावर एक हिरवा ठिपका दिसला आणि बटण दाबलं तसा सरकला. ती खुर्चीतून उठून ओरडलीच. पुढे प्रत्येक बदल ती आधी कॉम्प्युटरवर चालवून बघायची आणि मगच माझ्यात घालायची.

"मोबाइलवर का नाही करत?" योगेंद्रकाकांनी विचारलं.

"मोबाइलवर मधेच फोन येतो, जाहिरात येते. मावशी गोंधळतील. हा उघडला की फक्त उंबरमाळ दिसेल, दुसरं काहीच नाही."

माझ्यात मराठी अक्षरं नव्हती. ती तिनं एकेक ठिपका जोडून काढली. रोज फोनवर वनिताला विचारायची आणि वनिता कँटीनच्या भांड्यांच्या आवाजात उत्तर द्यायची. "झरा उजव्या हाताला गं, डाव्या नाय!" किंवा, "मोरूकाकाच्या दारात शेळी बांध. काळी." उंबर तीनदा काढला, तेव्हा कुठे वनिताला पटला. शेवटी दोन वेण्यांची एक मुलगी आली, पाठीला दप्तर. खेळ एवढाच की सांजवेळी तिला बाजारातून निघून घरी पोचायचं. शत्रू नाही, गुण नाहीत. घराचं दार उघडून ती आत गेली की गेम आपोआप जतन होतो.

रविवारी हर्षला मला घेऊन पायथ्याच्या वस्तीत गेली. चिंधीमावशी दाराशी बसल्या होत्या. वनितानं मला त्यांच्या हातात दिलं. त्यांचा अंगठा खरखरीत होता. कुठे दाबायचं ते कळेना. हर्षला एका बाजूला, वनिता दुसऱ्या बाजूला टेकली, आणि कितीतरी वर्षांनी ती दोन डोकी माझ्यावर वाकली. मध्ये तिसरं होतं, पांढऱ्या केसांचं.

"हे दाब आये. चालती बघ."

मुलगी चालली. उंबर आला. मावशींचा हात थांबला.

"उंबरमाळ हाय," त्या हळूच म्हणाल्या. मग मुलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही माझी वनी. शाळेतून आली."

मुलगी झऱ्यावरून गेली, काळ्या शेळीजवळून गेली, वरच्या घरापाशी पोचली. दार उघडलं. मावशी जरा रागावल्याच.

"आत अंधार हाय! चूल कुठं हाय?"

हर्षलाला घराच्या आतलं माहीत नव्हतं. वनितानं बाहेरचंच सांगितलं होतं.

"तुम्ही सांगा मावशी," ती म्हणाली, "मी करते."

मावशींनी सांगितलं. चूल डाव्या कोपऱ्यात, वर शिंकं, दाराआड कोयता, पाण्याचा हंडा. स्वतःच्या मुलीलाही कधी कधी न ओळखणारी ती बाई चुलीच्या तीन दगडांतला कुठला डुगडुगायचा तेही सांगत होती. वनिता तोंडाला पदर लावून ऐकत होती. पुढच्या रविवारी घरात चूल पेटली.

तेव्हापासून मी इथेच आहे. सांज झाली की मावशी मला मागतात. पडद्यावरच्या वनीला घरी नेतात, आणि बहुतेक दिवस त्यांचे पाय डोंगराकडे वळत नाहीत. आजार बरा झाला, असं मी म्हणणार नाही. एकदा वनिताची दुपारची पाळी लांबली. मला चार्जिंगला लावायचं राहून गेलं होतं. मुलगी झऱ्यापाशी पोचली आणि माझा दिवा लाल होऊन मी विझलो. मावशींनी मला हलवलं, हाक मारली, "वनी! कुठं गेलीस गं?" आणि मला खाली टाकून त्या डोंगराकडे धावत सुटल्या. मी अंगणात उताणा पडलो होतो. मला काहीच करता येत नव्हतं. असं हतबल मला त्या खोक्यातही कधी वाटलं नव्हतं. वस्तीतली माणसं टॉर्च घेऊन निघाली. ढासळलेल्या वाटेच्या अलीकडे त्या एका दगडावर बसलेल्या सापडल्या. पायाला खरचटलं होतं.

त्या दिवसापासून वनिता कामावर जाण्याआधी मला चार्जिंगला लावते. हर्षलानं एक जादा बॅटरीही आणून ठेवली आहे.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या कपाटात माझ्यासारखं कुणी पडून असेल तर त्याला काढा, पुसा, त्याची बॅटरी बघा. आणि घरात कुणी आपल्या गावाचं सांगत असेल, तर ते सांगू शकतं तोवर ऐकून घ्या. चूल कुठे होती तेही विचारा. पुढच्या सुट्टीवर ठेवू नका.

मी अजूनही रविवारची वाट बघतो. हर्षला येते, मग निघून जाते, आणि मला त्या दोघींचं लोळून लोळून हसणं हवंहवंसं वाटत राहतं. ते आता होत नाही. पण काल जे झालं ते सांगून थांबतो.

सांजवेळ होती. मावशींनी मुलीला चढण चढवली, घरात नेलं, दार लावलं. मग मला अलगद मिटून मांडीवर ठेवलं. "पोचली माझी वनी," त्या म्हणाल्या. समोर वनिता कामावरून येऊन उभी होती. अजून गळ्यात कंपनीचं कार्ड होतं. मावशींनी तिच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

"तू कुठली गं बाय? लय दमलेली दिसतेस."

वनितानं गळ्यातलं कार्ड काढून हातात घेतलं.

"अंधार पडला. आता कुठं जातीस? माझी पोर पण आताच आली. तू पण आजच्या दिस हितंच ऱ्हा."

वनिता त्यांच्या शेजारी खाली बसली. तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"ऱ्हाते," ती म्हणाली.